तीन तुकड्यांचे जनुक

क्लॅमिडोमोनास राइनहार्टी या एकपेशीय हिरव्या शेवाळाच्या हरितलवकात पीएसएए नावाचे एक जनुक आहे. प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेतले एक मोठे प्रथिन त्यावरून तयार होते. जनुक म्हटले की एका जागी सलग लिहिलेली ओळ आपण मनात धरतो. इथे ती ओळ तीन ठिकाणी लिहिलेली आहे. पहिल्या तुकड्यात प्रथिनाचे जेमतेम 30 घटक, दुसऱ्यात 60, आणि उरलेले साडेसहाशेहून अधिक तिसऱ्यात. हरितलवकाच्या सुमारे दोन लाख बेसच्या डीएनएवर हे तुकडे एकमेकांपासून हजारो बेस दूर पडलेले असतात. प्रत्येकाची आरएनए-नक्कल वेगळी निघते. मग या नकला एकमेकींना गाठतात, कडेचे नको असलेले भाग, म्हणजे इंट्रॉन, गळून पडतात आणि एक अखंड संदेश हाती येतो.

बाहेरगावच्या विद्यार्थ्याला हे समजावताना घाम फुटतो, औंधच्या माणसाला मात्र लगेच कळते, असे एका प्राध्यापिकेचे म्हणणे आहे. त्या मूळच्या औंधच्या, आणि सातारा जिल्ह्यातल्याच एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतात. विद्यार्थी त्यांना मॅडम म्हणतात, आपणही तेच म्हणू. औंध संस्थान असेच होते, हे त्यांचे उदाहरण. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे आणि गुणदाळ तर थेट विजापूरच्या बाजूला. मधल्या जागेत इंग्रजी मुलूख नाही तर दुसऱ्या कुणाचे संस्थान. गावे 72, पण नकाशावर सलग पट्टा म्हणून काही नाही. तरी कारभार एक. 1939 मध्ये बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी प्रजेच्या हाती राज्य सोपवणारी घटना लागू केली, तीही सगळ्या तुकड्यांना मिळून एकच. "नकाशा बघून संस्थान कळत नाही, कारभार बघून कळतं," असे मॅडम वर्गात सांगतात आणि फळ्यावर पीएसएएचे तीन तुकडे काढतात. आज यातली काही गावे साताऱ्यात आहेत, काही सांगलीत, काही कर्नाटकात. त्यामुळे मागच्या बाकावरचा एखादा आटपाडीचा मुलगा तेवढ्यापुरता सावरून बसतो.

औंध ज्या खटाव तालुक्यात येते, तो पर्जन्यछायेतला. तिथे पाणी दिसले की माणूस थांबून बघतो, आणि पाणी थांबले की त्यावर शेवाळ येते. मॅडमच्या लहानपणी शेवाळ म्हणजे घासून काढायची गोष्ट होती. जनावरांचा हौद, विहिरीच्या पायऱ्या, पावसाळ्यात निसरडे झालेले अंगण, सगळीकडे खराटा आणि चुना. कोल्हापूरला एम. एस्सी. करेपर्यंत त्यांचे मत फारसे बदललेले नव्हते. मग पीएच. डी.साठी त्या पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत गेल्या आणि मार्गदर्शक सरांनी त्यांच्या हातात बंद डब्यातल्या काही काचेच्या बश्या ठेवल्या. काळ्या कागदात गुंडाळलेल्या.

त्या बश्यांत क्लॅमिडोमोनासचे बिघडलेले वाण होते. मूळ जातीचा वंश 1945 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या मातीतून वेगळा केलेला. जगभरच्या प्रयोगशाळांत आज वाढते ते बहुतांशी त्याचेच गणगोत. या शेवाळाची खासियत अशी, की त्याला ॲसिटेट खाऊ घातले तर प्रकाशसंश्लेषण बंद पडले तरी ते जगते. म्हणून तर त्यात प्रकाशसंश्लेषणाचे बिघाड अभ्यासता येतात. ज्वारीच्या रोपात हाच बिघाड झाला तर बियाण्यातला साठा संपताच रोप मरते आणि अभ्यासायला काही उरत नाही. ट्रिस, ॲसिटेट आणि फॉस्फेट यांचे पोषक द्रावण करताना प्रयोगशाळेत व्हिनेगरचा आंबूस वास भरून राही. बिघडलेले वाण मंद उजेडात ठेवायचे, कारण स्वच्छ प्रकाश त्यांना सोसत नाही. घेतलेला प्रकाश पुढे वापरता येत नसल्यामुळे ते तो लालसर चमक म्हणून परत टाकतात. योग्य दिव्याखाली बशी धरली की निरोगी ठिपके मंद दिसतात आणि आजारी ठिपके उजळ. आजारी ते उजळ, याची नजरेला सवय व्हायला वेळ लागतो.

मग आरएनए काढायचा. डीएनए सोशिक असतो, आरएनए नाही. माणसाच्या बोटांवरच त्याला खाणारी विकरे असतात. उघड्या हाताने नळी उचलणाऱ्याला सर त्या दिवशी चहाला सोबत घेत नसत, एवढी शिस्त. काढलेला आरएनए जेलवर लांबीप्रमाणे वेगळा करायचा, पडद्यावर उतरवायचा, किरणोत्सारी फॉस्फरस जोडलेला डीएनएचा तुकडा त्यावर सोडायचा आणि क्ष-किरणांच्या फिल्मवर छाप उमटण्याची वाट बघायची. निरोगी शेवाळाच्या ओळीत पूर्ण लांबीच्या संदेशाचा गडद पट्टा येतो. बिघडलेल्यांच्या ओळीत तो नसतो, त्याऐवजी भलत्याच लांबीचे पट्टे दिसतात. कुठे पहिला आणि दुसरा तुकडा जोडला गेलेला, पण तिसरा सुटलेला. कुठे दुसरा-तिसरा जोडलेला, पण पहिला एकटा. कुठे तिघेही सुटे. या तीन प्रकारांना अनुक्रमे अ, क, ब अशी वर्गवारी आहे आणि ती जगभर चालते. जीनिव्हा विद्यापीठात जाँ-दाविद रोशे यांच्या गटाने असे वाण गोळा करून तपासले तेव्हा दिसले, की ही दोन जोडकामे सुरळीत व्हायला पेशीकेंद्रकातली निदान 14 जनुके लागतात.

चौदा! हरितलवकातले एक जनुक जोडायला केंद्रकातले चौदा जण राबतात. त्यांपैकी एक जरी आजारी पडला तरी फोटोसिस्टिम, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाची ती यंत्रणा, उभी राहत नाही. वर 1991 मध्ये त्याच गटाने दाखवले, की पहिला इंट्रॉन तर दोन नव्हे, तीन तुकड्यांचा आहे. त्याचा मधला भाग टीएससीए नावाच्या लहानशा आरएनएच्या रूपात डीएनएवरच्या आणखी वेगळ्या जागेवरून येतो. मॅडमनी हे वाचले तेव्हा त्यांची पहिली प्रतिक्रिया शास्त्रीय नव्हती. कुणा मुकादमाने हे असले काम मंजूर केले असते का, असे त्या मैत्रिणीला म्हणाल्या होत्या. सरांना विचारले, "हे सगळं कशासाठी?" सर म्हणाले, "कशासाठी ते शेवटी बघू. आधी कसं होतं ते सांगा."

इथे थोडा इतिहास हवा. 1977 मध्ये फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी सर्दीच्या एका विषाणूत तुटक जनुके शोधली, 1993 मध्ये दोघांना त्यासाठी नोबेल मिळाले, आणि आपली पाठ्यपुस्तके हीच गोष्ट सांगून थांबतात. मधले तुकडे कापायला केंद्रकात प्रथिने आणि लहान आरएनए यांचे एक अवाढव्य यंत्र असते, त्याचे चित्र देतात, आणि प्रकरण संपते. पण 1978 मध्येच रोशे आणि मालनोए यांना क्लॅमिडोमोनासच्या हरितलवकात, रायबोसोमच्या 23 एस आरएनएच्या जनुकात, इंट्रॉन सापडला होता. 1982 मध्ये टॉमस चेक यांनी टेट्राहायमिना या एकपेशीय जीवात दाखवले, की काही इंट्रॉन स्वतःला स्वतःच कापून बाहेर काढतात, प्रथिनाची मदत न घेता. त्यावर पुढे सिडनी आल्टमन यांच्यासह 1989 चे नोबेल. घडणीवरून अशा इंट्रॉनांचे गट पाडतात, आणि क्लॅमिडोमोनासमधला तो 23 एसचा इंट्रॉनही त्याच पहिल्या गटातला, स्वतःला कापणारा निघाला. पीएसएएचे तुटके इंट्रॉन दुसऱ्या गटातले. त्यांची घडण वेगळी आणि शेवाळात त्यांना मदतनीस लागतात.

पुण्याच्या त्या प्रयोगशाळेत मॅडमनी 23 एसचा प्रयोग स्वतः केला. जनुकाचा तुकडा घेऊन नळीत त्याची आरएनए-नक्कल काढली, ती शुद्ध केली, मॅग्नेशियम आणि जीटीपी घालून ऊब दिली आणि जेलवर चढवली. पूर्ण लांबीचा पट्टा फिका झालेला, आणि खाली दोन नवे पट्टे: एक सुटलेल्या इंट्रॉनचा, एक जुळलेल्या टोकांचा. नळीत प्रथिनाचा थेंब नव्हता. वाचून माहीत असलेली गोष्ट डोळ्यांनी पाहिली की माणूस जरा वेगळाच होतो. आरएनए म्हणजे निरोप पोचवणारा शिपाई नव्हे, कारागीर आहे, हे त्यांना त्या दिवशी पटले. त्याआधी त्या ते परीक्षेत लिहीत होत्या.

हरितलवकातल्याच पीएसबीए या दुसऱ्या जनुकाची कथा त्यांना अधिक जवळची, कारण ती उसाच्या फडापर्यंत येते. या जनुकावरून डी-वन नावाचे प्रथिन बनते. उसात, मक्यात तणासाठी मारतात ते ॲट्राझिन याच प्रथिनावर जाऊन बसते आणि तणाचे प्रकाशसंश्लेषण बंद पाडते. डी-वनमधला 264 क्रमांकाचा एक घटक बदलला की ॲट्राझिनला ते दाद देत नाही, हे क्लॅमिडोमोनासमध्येही दिसले आहे. हे प्रथिन उन्हाने सतत झिजते आणि सतत नवे बनवावे लागते. असे घाईचे जनुक, आणि क्लॅमिडोमोनासमध्ये त्यात चार इंट्रॉन! कामाचा मजकूर हजार बेसच्या थोडा वर, आणि चारांतला प्रत्येक इंट्रॉन एकटाच हजाराहून लांब. म्हणजे प्रत्येक नकलेत कामापेक्षा कितीतरी पट जास्त मजकूर लिहायचा आणि लगेच कापून टाकायचा.

टेक्सास विद्यापीठात डेव्हिड हेरिन यांच्या प्रयोगशाळेतून 1997 मध्ये एक शोधनिबंध आला. पहिले नाव एन. एन. देशपांडे. मॅडमना ते नाव पाहून बरे वाटले. हे देशपांडे कुठले, हे त्यांनी कधी शोधले नाही, आणि बरे वाटायला तेवढी चौकशी लागत नाही. निबंधाचे म्हणणे असे: अंधारात या चार इंट्रॉनांचे कापणे मंदावते, प्रकाश मिळताच कित्येक पटींनी वाढते, आणि डीसीएमयू हे तणनाशक घालून इलेक्ट्रॉनांची वाहतूक अडवली, तर प्रकाशातही ही वाढ होत नाही. म्हणजे सूर्य उगवल्याची वर्दी इंट्रॉनांपर्यंत प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेतूनच पोचते.

मग इंट्रॉन उपयोगाचे म्हणायचे का? तसे म्हणायची घाई करू नये. 1993 मध्ये जर्मन संशोधकांनी चारही इंट्रॉन काढून टाकलेले पीएसबीए शेवाळात बसवले, आणि शेवाळ ठणठणीत राहिले. उलट 2003 मध्ये हेरिन यांच्या गटाने एक इंट्रॉन तसाच ठेवून फक्त त्याचे कापणे मंद होईल असे बदल केले. तेव्हा प्रकाशावर जगण्याची शेवाळाची ताकद घटली. नसला तरी चालतो, पण असून रखडला तर भागत नाही. बहुतेक लेखांत इंट्रॉन एक तर कचरा असतो नाही तर गुप्त खजिना. हे दोन प्रयोग शेजारी ठेवले की दोन्ही गोष्टी बाद होतात.

"कशासाठी" या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर मॅडमच्या मते क्लॅमिडोमोनासच्या दुसऱ्या जातींत सापडते. क्लॅमिडोमोनास युगामेटॉसच्या 23 एस जनुकात एक इंट्रॉन आहे, तिच्या भाऊबंद मोविसाय या जातीत त्या जागी तो नाही. क्लोद लेमिये आणि रॉबर्ट ली यांनी दोघांचा संकर केला. 1987 मध्ये त्यांनी लिहिले, की संततीत तो इंट्रॉन सर्वांना जातो. निम्म्यांना वगैरे नाही, सर्वांना. कारण त्या इंट्रॉनमध्येच एका कात्रीची कृती लिहिलेली आहे. ही कात्री, आय-सीईयू-वन, इंट्रॉन नसलेले जनुक बरोबर त्या जागी कापते. पेशी जखम बुजवताना शेजारच्या नमुन्यावरून नक्कल करते, आणि नकलेबरोबर इंट्रॉन तिथे बसतो. तो शेवाळासाठी नसतो, स्वतःसाठी असतो. जाताना स्वतःला नीट कापून काढतो, म्हणून यजमानाला त्याचा त्रास होत नाही, एवढेच.

ही कात्री पुढे माणसाच्या कामी आली. ती 26 बेसच्या आसपासचा मजकूर ओळखते, आणि तो जीवाणूंत रायबोसोमच्या 23 एस जनुकातच सापडतो. सॅल्मोनेला आणि ई. कोलायमध्ये अशी सात जनुके, म्हणून आय-सीईयू-वन त्यांच्या गुणसूत्राचे नेमके सात तुकडे करते. टायफॉइडच्या नातलग जीवाणूंचे नकाशे 1993 पासून या शेवाळी कात्रीने निघाले. राइनहार्टीच्या इंट्रॉनमधली तशीच कात्री, आय-सीआरई-वन, संशोधकांनी पुन्हा घडवून जनुकसंपादनासाठी वापरली. हौदावरून खराट्याने काढायच्या वस्तूकडे मॅडम आता त्या नजरेने बघत नाहीत, हे वेगळे सांगायला नको.

नोकरी लागल्यावर चित्र पालटले. महाविद्यालयात किरणोत्सारी फॉस्फरस नव्हता, क्ष-किरण फिल्म नव्हती, आणि सुरुवातीच्या वर्षांत वीजही ठरल्याप्रमाणे जायची. आरएनएला भारनियमनाचे वेळापत्रक कळत नाही. प्रयोगशाळेतले मामा एस. टी. स्टँडजवळच्या सरबतवाल्याकडून बर्फाची लादी आणत, आणि त्यातला उरलेला बर्फ मुले कोकमात घालत. पीसीआरचे यंत्र आल्यावर मॅडमनी एक साधे प्रात्यक्षिक बसवले. क्लॅमिडोमोनासचा डीएनए आणि आरएनएपासून केलेला सीडीएनए, दोन्हींवर पीएसबीएच्या एका इंट्रॉनच्या दोन बाजूंना बसणारे प्रायमर लावायचे. डीएनएच्या ओळीत पट्टा वर राहतो, सीडीएनएच्या ओळीत खाली उतरतो. दोन पट्ट्यांतले अंतर म्हणजे इंट्रॉन. आरएनएमध्ये डीएनएची भेसळ राहिली असेल तर तीही त्याच जेलवर वरच्या पट्ट्याच्या रूपात उघडी पडते. मुलांना ही शेवटची गोष्ट फार आवडते, कारण त्यात दुसऱ्या गटाची भेसळ पकडता येते.

दुसरे प्रात्यक्षिक पावसाळ्यातले. औंधच्या मूळपीठ डोंगरावर यमाईच्या देवळाकडे जाणाऱ्या पायऱ्यांच्या कडेला ओलसर दगडावर शेवाळे आणि मॉस दोन्ही दाटतात. मुले मॉस आणतात, कुणी ज्वारीचे पान, कुणी नेचा, कुणी घाणेरी. सगळ्यांच्या हरितलवकात टीआरएनएल जनुकात एकाच जागी पहिल्या गटातला इंट्रॉन असतो. वनस्पतीगणिक त्याची लांबी अडीचशेपासून साडेसातशे बेसपर्यंत बदलते, त्यामुळे जेलवर पट्टे पायऱ्यांसारखे वरखाली येतात. त्याच जागी तोच इंट्रॉन ॲनाबीना या नील-हरित जीवाणूत आहे, हे 1990 मध्ये दोन गटांनी दाखवले. ॲनाबीनात तो अजून स्वतःला कापतो, झाडांत ती कला विसरला आहे. हरितलवकाचे पूर्वज नील-हरित जीवाणू होते, याचा हा बसल्या जागी मिळणारा पुरावा. एक धनगराचा मुलगा यावर खूष झाला तो वेगळ्याच कारणाने. या इंट्रॉनचा एक छोटा भाग वाचून मेंढीने काय काय खाल्ले ते लेंडीवरून सांगता येते, आणि हे तंत्र जगभर वापरात आहे, असे मॅडमनी सांगितले. "म्हणजे कुणाच्या रानात शिरली तेबी कळंल की," तो म्हणाला.

गावतळ्यात शेणपाणी उतरले की पाणी हिरवे करणारी युग्लिना ही तर या विषयातली कळसाची करामत. तिने आपले हरितलवक एका हिरव्या शेवाळाला गिळून मिळवले. 1993 मध्ये रिचर्ड हॅलिक यांच्या गटाने त्याचा सगळा डीएनए वाचला: 1,43,170 बेस, आणि त्यात दीडशेच्या आसपास इंट्रॉन. जवळजवळ 39 टक्के मजकूर कापून टाकायचा. काही इंट्रॉनांच्या पोटात आणखी इंट्रॉन. आधी आतला निघतो, तेव्हा बाहेरचा जुळतो आणि मग तो निघतो.

मॅडमचा आग्रह असा, की बारावीला आणि बी. एस्सी.ला स्प्लाइसिंग, म्हणजे इंट्रॉन कापून तुकडे जोडणे, शिकवायची सुरुवातच शेवाळापासून करावी. माणसाच्या केंद्रकातले ते अवाढव्य यंत्र दुसऱ्या गटातल्या इंट्रॉनांतून, त्यांचे तुकडे सुटे होत होत घडले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. फिलिप शार्प यांनीही 1991 मध्ये ही दिशा मांडली होती. तीन तुकड्यांचा पीएसएए इंट्रॉन त्या वाटेवरचा मुक्काम वाटतो. मग नवे आधी आणि जुने कधीच नाही, असा क्रम का? प्रस्तुत लेखकाला हे अर्धे पटते. बारावीच्या मुलावर 14 जनुकांचा बोजा टाकणे जरा अतीच होईल. बी. एस्सी.ला मात्र एक तास तरी नळीतल्या त्या प्रथिनाविना कापणाऱ्या आरएनएला द्यायलाच हवा.

दुसरा आग्रह निर्विवाद आहे: आपल्याकडच्या शेवाळांची जनुके वाचावीत. मुंबईच्या एला गोन्साल्विस यांनी इडोगोनियम या शेवाळाच्या कुळावर 1981 मध्ये भला मोठा ग्रंथ लिहिला, एन. डी. कामत यांनी 1963 मध्ये कोल्हापूरच्या शेवाळांची यादी छापली. ही कामे सूक्ष्मदर्शकाखालच्या आकारावर उभी आहेत आणि उत्तम आहेत. 2008 मध्ये कॅनडातल्या गटाने इडोगोनियमच्या एका जातीचे हरितलवक वाचले तेव्हा त्यात पहिल्या गटाचे 17 आणि दुसऱ्या गटाचे 4 इंट्रॉन निघाले. आपल्या तळ्यांतल्या इडोगोनियमात किती निघतील? सातारा, सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांतल्या वनस्पतिशास्त्र विभागांनी कामतांच्या यादीतले एकेक नाव वाटून घ्यावे, ते शेवाळ शोधून वाढवावे आणि निदान त्याचे 23 एस जनुक वाचून घ्यावे. कामाला जुलैत लागावे. तेव्हा तळी भरलेली असतात आणि एम. एस्सी.ची मुले प्रकल्पाला विषय शोधत असतात.